सगळेच कच्चे लिंबू

आपल्या खेळांचं एक बरं असतं. त्यांना साहित्य लागत नाही, मैदान लागत नाही आणि मोठी माणसं तर अजिबात लागत नाहीत. मोठ्यांचं काम शेवटी येतं. जेवायला हाका मारायच्या, नाहीतर काच कोणी फोडली याची चौकशी करायची. त्यामुळे न्यू जर्सीत, मुलीच्या गावातल्या मराठी मंडळींनी "काकू, आमच्या समर कॅम्पमध्ये मुलांना आपली गाणी आणि खेळ शिकवाल का?" असं विचारलं, तेव्हा मोठ्यांनी जे मुळात करायचंच नसतं त्याचंच ते आमंत्रण होतं. मी लगेच हो म्हटलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे आलेल्या आईला अमेरिकेत हो म्हणण्याशिवाय फारसं काही करता येत नाही. गाडी चालवता येत नाही, भांडी मशीन घासतं आणि शेजारच्यांकडे विरजण मागायला जायचं तर आधी मेसेज करावा लागतो.

इथली शाळा जूनच्या अखेरीला सुटते ती एकदम सप्टेंबरात भरते. आपल्याकडे अशा लांबलचक सुट्टीवर मामाचं गाव हा खात्रीचा उपाय होता. या मुलांचं आजोळ साडेबारा हजार किलोमीटर लांब, आईबाप दोघंही कामावर. मग आजोळाचे तुकडे करून ते आठवड्याच्या भावाने विकत घ्यावे लागतात. एक आठवडा पोहणं, एक आठवडा रोबॉट, एक आठवडा बुद्धिबळ आणि मधला एक आठवडा मराठी.

कॅम्पची समन्वयक एरवी एका औषध कंपनीत गुणवत्ता-तपासणीचं काम करते. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं नीट कळेल. तिने मला एक गूगल शीट पाठवली. खेळाचं नाव, वयोगट, साहित्य, उद्दिष्ट, जोखीम, जोखमीवरचा उपाय असे रकाने. मी लंगडीपासून सुरुवात केली. साहित्य : एक पाय. उद्दिष्ट : समोरच्याला शिवणे. जोखीम : मूल पडेल. उपाय : उठेल. रात्री तिचा फोन आला. "काकू, तुम्ही लिहिता फार छान, पण हे विम्यासाठी द्यावं लागतं."

विषामृताचं घोडं जोखमीच्या रकान्यातच अडलं. ज्याला विष दिलं तो जागच्या जागी बसतो, कोणी येऊन अमृत दिलं की उठून पळतो. समुद्रमंथनाची याहून सुटसुटीत आवृत्ती मला तरी माहीत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या सहा वर्षांच्या मुलाला विष दिलं, हे कागदावर दिसायला बरं दिसेना. शेवटी पुढे 'फ्रीझ टॅगसारखा' असं लिहिलं आणि खेळ तात्काळ मंजूर झाला. फ्रीझ टॅग या मुलांना चालायला लागल्यापासून येत होता. म्हणजे जो खेळ त्यांना येत होता तो शिकवायची परवानगी मला मिळाली.

लगोरीची केस त्याहून अवघड. चेंडू मारून गडी बाद करायचा, हे इथे चालत नाही. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने डॉजबॉल शाळेत खेळवू नये असं जाहीरच करून टाकलेलं आहे. माणसाला चेंडूचं लक्ष्य करू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं सभ्य आहे, पण लगोरीतून माणसाला चेंडू मारणं काढून टाकलं तर मागे उरतं ते गवंडीकाम. बऱ्याच वाटाघाटी होऊन स्पंजचा चेंडू, गुडघ्याखाली, असा तह झाला. कौलाचे तुकडे आणि फरशीचे टवके बाद झाले. त्यांच्या जागी कडा घासलेल्या, पॉलिश केलेल्या सात लाकडी चकत्या ऑनलाइन आल्या. त्या एकमेकींवर इतक्या शहाण्यासारख्या बसायच्या की लगोरी रचण्यातली धडधडच गेली.

खाऊचा प्रश्न मात्र दोन मिनिटांत मिटला, कारण काहीच उरलं नाही. शेंगदाणा बंद. सुकामेवा बंद. तीळ चालतील का, असं मी भाबडेपणाने विचारलं, तर १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेने तिळालाही मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत नववं स्थान दिलं आहे, असं समन्वयकेने तारखेसकट सांगितलं. ज्या समाजाचं संक्रांतीचं सगळं गोड बोलणं तीळ आणि दाण्यांवर चालतं त्याने यावर काय बोलावं! खाऊ म्हणून रोज छोट्या माशांच्या आकाराची खारी बिस्किटं ठरली.

बालवाडीची शिक्षिका म्हणून माझी उमेदवारी झाली ती बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची पुस्तकं उशाशी घेऊन. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला केंद्र काढलं, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांच्या मागोमाग शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. शैक्षणिक साहित्य म्हणजे चिंचोके, बिया, पानं, शिंपले. मला वाटलं, इथेही समोर एवढं मोठं काउंटी पार्क आहे, कुरणाला तोटा नाही. पहिल्या दिवशी सूचना ऐकल्या. पानांना हात लावायचा नाही, पॉयझन आयव्ही असते. ती ओळखायची कशी? तीन पानं एकत्र दिसली की लांब पळायचं. (आपण तीन पानं दिसली की तोडून महादेवाला वाहतो.) उंच गवतात जायचं नाही, गोचीड चावते आणि लाइम नावाचा आजार होतो. हा आजार जवळच्याच कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून ओळखला जातो. गाव बिचारं काय करणार! बिया तोंडात जातात आणि शिंपल्यांना कडा असतात. उरलेल्या निसर्गाकडे लांबून बघायला हरकत नव्हती.

आणि त्या कुरणात गुरांऐवजी गूस होते. कॅनडा गूस म्हणजे आपल्या हंसाचा, काळ्या मानेचा, तापट चुलतभाऊ. न्यू जर्सीतल्या कुठल्याही हिरवळीवर हे थव्याने चरत असतात आणि चरल्याचा पुरावा पावलापावलावर ठेवून जातात. मध्ये जाऊन उभं राहिलं तर मान खाली घालून फिस्स करत अंगावर येतात. त्यांना हाकलायचं म्हटलं तर १९१८ सालच्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यामुळे इजा होईल असं काही करायची सोय नाही. आमच्या खो-खोच्या मैदानावर त्यांचा हक्क माझ्या व्हिसापेक्षा पक्का होता.

मदतीला हायस्कूलची मुलं होती. कॉलेजच्या अर्जात लिहायला त्यांना सेवेचे तास लागतात, म्हणून ती येतात. पण ती लहानपणापासून अशा कॅम्पांतूनच वाढलेली, त्यामुळे त्यांना एक विद्या येते जी मला चाळीशीनंतर जमेनाशी झाली : घसा फाटेपर्यंत ओरडून, त्याला गाणं म्हणायचं. एकाने ओळ फेकायची, सगळ्यांनी ती दुप्पट जोराने परत फेकायची. सूर, ताल वगैरे ऐच्छिक. अशा गाण्यांचा राजा म्हणजे बेबी शार्क. तेही मूळचं कॅम्पातलंच. २०१६ साली एका कोरियन कंपनीने त्याचा व्हिडिओ काढला आणि २०२० च्या नोव्हेंबरात तो यूट्यूबवर जगात सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ ठरला. परिणाम असा की आज कुठल्याही पाच वर्षांच्या मुलासमोर दोन हात एकमेकांवर आणले की तो जबडा असतो.

मला हे माहीत नव्हतं, आणि आमच्या अभिनयगीतांचा तर सगळा जीवच हातांवर. मी हत्तीचे कान हलवले, शार्क झाला. आई पोळी लाटते म्हणून तळवे फिरवले, शार्क झाला. दोन तळव्यांत गोल चांदोबा धरला, तर समोरच्या अख्ख्या ओळीने तो कचकन खाल्ला. मी आयुष्यभर चांदोबाला दूधभात भरवत आले. या मुलांच्या हातात तो स्वतःच चावू लागला. हायस्कूलची एक मुलगी मला समजावत म्हणाली, "आजी, त्यांना आवडतंय. लेट देम." मग आठवडाभर आमच्या झाडांना, पावसाला, झुकझुक जाणाऱ्या गाडीला, सगळ्यांना दात होते.

चिऊ-काऊची गोष्ट मी गाण्याच्या अंगाने सांगते. आवाज काढायचे, मुलांनी दार ठोठावायचं. कावळ्याचं घर शेणाचं होतं एवढं वाक्य झालं आणि कॅम्प काही काळ बंद पडला. गवतावर गडाबडा लोळली मुलं. अख्खं घर? बाथरूमसुद्धा? पार्कातल्या गूसच्या कर्तृत्वाकडे बघत एकाने, एका घराला किती लागेल, याचा अंदाजही बांधायला घेतला. माझ्या बालवाडीत या ठिकाणी कधी कोणी हसलेलं नव्हतं. निम्म्या मुलांच्या घरची जमीनच शेणाने सारवलेली असायची.

हसू ओसरल्यावर मात्र ती गंभीर झाली. पाऊस येतो, घर वाहून जातं, कावळा चिमणीचं दार ठोठावतो आणि ती बाळाची एकेक कामं काढून त्याला भिजत ठेवते. यावर एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील घरं विकण्याच्या व्यवसायात आहेत. तो म्हणाला, "त्याने फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यायला पाहिजे होता. साध्या घराच्या विम्यात पूर येत नाही." एका मुलीचं मत पडलं की त्याने नाइन-वन-वनला फोन करावा. चिमणी दुष्ट आहे का, यावर दोन तट पडणार, तेवढ्यात हायस्कूलवाल्या मुलीने तिची बाजू घेतली. चिमणी एकटी आई आहे, तिला लहान बाळ आहे आणि रात्रीबेरात्री ओळखीचा पुरुष दारात आला म्हणून दार उघडायलाच पाहिजे असं नाही. मी ही गोष्ट इतकी वर्षं सांगत आले, पण चिमणीचा वकील प्रथमच भेटला.

खेळांत सर्वांत थक्क केलं ते डोंगराच्या आगीने. गोल करून पळायचं, डोंगराला आग लागल्याची आरोळी ठोकायची, मुलांनी सैरावैरा धावायचं, मध्येच थांबवून जोड्या करायला सांगायच्या, ज्याला जोडी नाही तो बाद. त्या दिवशी पाऊस होता म्हणून आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये होतो. मी आगीची आरोळी ठोकली. सगळी मुलं जागच्या जागी गप्प झाली. मग कोणी काही न सांगता दाराशी गेली, एकामागे एक रांगेत उभी राहिली आणि सर्वांत पुढचीने दार उघडून धरलं. एक धाकटा जमिनीवर आडवा होऊन लोळत होता. कपड्यांना आग लागली तर तसंच करायचं असतं, असं त्याला बालवर्गात शिकवलंय. शाळेत आगीची रंगीत तालीम वारंवार होते, हे मला नातवाने नंतर सांगितलं. ती शिस्त पाहून माझे डोळे भरून यायला हवे होते. पण मी मध्ये उभी राहून हात उडवत ओरडत होते, "अरे, पळा! धक्काबुक्की करा! आग लागली आहे!"

खो-खोला समन्वयकेचा पूर्ण पाठिंबा होता, कारण त्याला आता आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही तो जिंकला, आणि त्यात अमेरिकेचाही संघ उतरला होता. या शेवटच्या मुद्द्यावर पालक विरघळले. अडचण आली ती बसण्याची. खो-खोत आठ जण उकिडवे बसतात, आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून. या मुलांना मांडी घालता येते, खुर्चीत बसता येतं, खुर्चीत उलटं बसता येतं, पण उकिडवं बसता येत नाही. टाचा टेकल्या की ती मागे पडतात. पहिला पडला, त्याने आधाराला दुसऱ्याला धरलं, आणि गडी धावायच्या आधीच आमची अख्खी पाटी गवतावर आडवी झाली.

पडून उठल्यावर खो द्यायची वेळ आली. पाठीवर हात मारून मोठ्याने खो म्हणायचं, एवढंच. पण बालवर्गापासून यांच्या मनावर बिंबवलेलं आहे की आपले हात आपल्यापाशी ठेवायचे. त्यामुळे धावणारी मुलगी बसलेल्याच्या मागे येऊन अदबीने थांबायची आणि विचारायची, "तुला खो देऊ का?" बसलेला विचार करायचा. तोवर पळणारा खांबाला वळसा घालून, पाणी पिऊन, पुन्हा खांबापाशी आलेला असायचा. एकाने तर "नको, थँक यू" असं सांगितलं. १९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम बांधायला बसलेल्या मंडळींना गडी खो नाकारू शकतो, ही शक्यता सुचली असेल असं वाटत नाही.

आणि बाद तर कोणी व्हायचंच नाही, हा कॅम्पचा पायाभूत नियम. संगीत खुर्चीत मुलं जेवढी तेवढ्याच खुर्च्या. गाणं थांबलं की सगळे बसतात, सुरू झालं की सगळे उठतात. आपल्याकडे याला सर्वपक्षीय बैठक म्हणतात. शेवटी प्रत्येकाला तारा चिकटवलेला स्टिकर. मी समन्वयकेला म्हटलं, "अगं, हे सगळं आपल्याकडे होतंच की. कच्चा लिंबू!" ती क्षणभर थांबली आणि खुदकन हसली. तीही नाशिकच्या एका वाड्यातलीच.

कच्चा लिंबू ही आपल्या मुलांनी कुठल्याही बालमानसशास्त्रज्ञाला न विचारता केलेली सोय आहे. धाकट्या भावाला खेळायला घेतल्याशिवाय आई सोडत नाही, आणि घेतलं तर तो सगळ्यांच्या आधी बाद होऊन भोकाड पसरतो. मग त्याला घ्यायचं, पळू द्यायचं, शिवल्यासारखं करायचं, पण राज्य द्यायचं नाही. त्याला वाटतं आपण फार चपळ आहोत. एक दिवस कोणीतरी फितुरी करतं, त्याला आपला खरा हुद्दा कळतो, तो रडत घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पक्का गडी म्हणून परत येतो. सगळी गंमत त्या दुसऱ्या दिवसात आहे. इथे अडचण एवढीच होती की अख्खा कॅम्पच कच्चा लिंबू करून ठेवलेला, त्यामुळे फितुरी करायला कोणी शिल्लक नव्हतं.

निदान आमच्या तक्त्यात तरी नव्हतं. दुपारी तीनला घरी न्यायच्या गाड्यांची रांग लागायची. गाडीच्या काचेत मुलाच्या नावाची पाटी, उतरलेल्याचं ओळखपत्र तपासायचं, मगच मूल हाती द्यायचं. एकदा एका आजोबांचं नाव यादीत नव्हतं; नातू त्यांच्या गळ्यात पडून "आबा, आबा" करतोय आणि समन्वयक त्यांना मुलाच्या आईला फोन लावायला सांगतेय. या सगळ्याला अर्धा तास तरी जायचा. त्या अर्ध्या तासाचा रकाना शीटमध्ये नव्हता. मोठे सगळे पाट्या वाचण्यात गुंतलेले, आणि मुलं हॉलच्या मागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर.

तिथे मी एकदा पाण्याची बाटली शोधायला गेले. खो नको म्हणणारा मुलगा एकाच्या पाठीत असा धपका घालत होता की मला तिकडून ऐकू आला. राज्य कोणावर, हे ठरवायला ती नाकावर बोट ठेवत होती. सर्वांत शेवटी ठेवेल त्याच्यावर राज्य. ही इथली पद्धत, आपल्या चकण्यापेक्षा झटपट. पण अडचणीत आल्यावर मूठ तोंडाशी नेऊन "टाइमप्लीज!" ओरडणं मात्र अस्सल आपलं. ते मी शिकवलेलं नव्हतं, शीटमध्ये तर नव्हतंच. सुट्टीत पुण्याला जाऊन आलेल्या कोणीतरी ते आणलं असावं आणि मग सर्दी पसरावी तसं ते पसरलं. एक जण रडी खात होता. दुसरी त्याला तू कसा आउट आहेस हे दोन भाषांत सांगत होती. चार वर्षांचा एक मध्येच पळत होता, त्याला सगळे शिवल्यासारखं करत होते आणि कोणीच त्याच्यावर राज्य देत नव्हतं. हायस्कूलची ती मुलगी भिंतीला टेकून फोन बघत होती, म्हणजे आपल्याला काही दिसत नाही असं दाखवत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मीही बाटली शोधत राहिले.

शनिवारी पालकांचा दिवस. मुलांनी गाणी म्हटली, चांदोबा कचाकच खाल्ला गेला, टाळ्या झाल्या. मग पालकांची लगोरी. एरवी ही मंडळी एकमेकांशी "तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त मला एक सुचवायचं होतं" अशा भाषेत बोलतात. पहिली लगोरी फुटली आणि पाच मिनिटांत ती भाषा गेली. स्पंजचा चेंडू कुणीतरी नाकारला. कुठल्याशा गाडीच्या डिकीतून टेनिसचा चेंडू निघाला. गुडघ्याखालचा तह कंबरेपर्यंत आला आणि मग त्याचं नावच कोणी काढेना. पोट सुटलेले एक गृहस्थ चेंडू चुकवायला गूसच्या थव्यात शिरले आणि गूसनेच त्यांना बाद करून परत पाठवलं.

खरी ठिणगी पडली ती समन्वयकेमुळे. ती चकत्या रचत असताना तिला चेंडू लागला. ती उठेचना. "कपड्याला लागला, अंगाला नाही!" समोरच्या संघातला एक जण म्हणाला की त्याने मोबाइलवर शूटिंग केलंय. शूटिंग मोठं करून, थांबवून, मागेपुढे करून पाहिलं गेलं. ओढणी धरायची की नाही, यावर दोन इंजिनियर आणि एक दंतवैद्य यांच्यात कडाक्याचा वाद झाला. मुलं कडेला मांडी घालून ओळीत बसली होती आणि मोठ्या कुतूहलाने पाहत होती. विमावाल्या मुलाने मला हळूच विचारलं, "आजी, यांना कच्चा लिंबू करूया का?" समन्वयकेने ते ऐकलं. "मी पक्की आहे!" ती ओरडली आणि पुन्हा चकत्यांवर वाकली.

पार्कचा परवाना चार वाजेपर्यंतच होता. साडेचारला पार्कचा माणूस त्याच्या छोट्या गाडीतून आला, उतरला, हातातला कागद दाखवत वेळ संपल्याचं सांगू लागला. सात चकत्यांपैकी पाच रचून झाल्या होत्या. समन्वयकेने त्याच्याकडे न बघताच मूठ तोंडाशी नेली आणि म्हणाली, "टाइमप्लीज!"